यादी आणि याद

बडोद्याच्या मराठी माणसाचे एक पाऊल गुजरातेत आणि दुसरे महाराष्ट्रात असते, असे आमच्या कारेलीबागेत बारशापासून तेराव्यापर्यंत कोणत्याही निमित्ताने चार माणसे जमली की कोणीतरी म्हणतेच. आणि हे वाक्य इतक्या वेळा कानांवरून गेले आहे की त्याचा अर्थ वापरातल्या नाण्याप्रमाणे झिजून गुळगुळीत झाला आहे. परंतु या दोन पावलांखालच्या भूमीत, एकीकडे काठियावाडच्या किनाऱ्यावर जामनगरजवळ बालाचडी येथे आणि दुसरीकडे पंचगंगेच्या खोऱ्यात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एकाच देशाची, एकाच आपत्तीने देशोधडीस लागलेली माणसे येऊन राहिली होती, ही गोष्ट मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. बालाचडीस १९४२ साली जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलंडच्या शेकडो मुलांना आश्रय दिला. वळिवड्यास १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची, त्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्धांची, एक सबंध वसाहत उभी राहिली आणि १९४८ पर्यंत नांदली.

वळिवड्याची ओळख मला झाली ती कापडाच्या निमित्ताने. भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधावयाचा म्हणून आम्ही उभयता कोल्हापुरास गेलो असता, तेथील आप्तांनी आम्हांस गांधीनगरच्या बाजारपेठेत नेले. वळिवड्याच्या त्या वसाहतीच्या जागी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही पेठ. साड्यांच्या घड्या उलगडता उलगडता दुकानातले वयस्क गृहस्थ सहज बोलून गेले, "काका, आमची वडीलधारी माणसं इथं आली तेव्हा बराकी रिकाम्याच होत्या. त्याच्या आधी पोलंडवाले राहायचे. गोरे, पण आमच्यासारखेच घरदार सोडून आलेले." एका निर्वासिताने रिकाम्या केलेल्या छपराखाली दुसऱ्या निर्वासिताने चूल मांडावी, हा योगायोग ऐकून माझा साडीवरचा हात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी महावीर उद्यानातील पोलिश स्मारकासमोर आम्ही उभे असताना आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "हिटलरनेच हाकलले असेल ना यांना?"

हा प्रश्न स्वाभाविक होता, आणि त्याचे उत्तर 'नाही' असे होते. वळिवड्यास आलेल्या पोलिश कुटुंबांना त्यांच्या घरांतून उठवून सैबेरियाच्या अरण्यात आणि कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकले होते ते सोव्हिएत रशियाच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने, म्हणजे एन. के. व्ही. डी.ने, आणि त्या खात्याचा मुख्याधिकारी होता लावरेंती पावलोविच बेरिया. हिटलर आणि हिमलर ही नावे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असतात. बेरियाचे नाव मात्र आपल्या वाचनात क्वचितच येते. वस्तुतः पृथ्वीच्या पाठीवरील ज्या थोड्या माणसांनी केवळ टिपण्या, तक्ते आणि याद्या यांच्या साह्याने समग्र लोकसमूहांचा उच्छेद मांडला त्यांत त्याची गणना प्रथम पंक्तीत करावी लागेल. आणि त्याचे पतनही असे झाले की त्यातून पतन आणि न्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कोणालाही उमगावे.

काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील सुखुमी शहराजवळ मेर्खेउली नावाच्या खेड्यात, जॉर्जियातील मिंग्रेलियन समाजाच्या एका गरीब कुटुंबात १८९९ च्या मार्च महिन्यात बेरियाचा जन्म झाला. बाकू येथील तंत्रविद्यालयात त्याने बांधकामशास्त्राचे शिक्षण घेतले. क्रांतीनंतरच्या अंदाधुंदीत, १९१९ च्या सुमारास, बाकूवर सत्ता असलेल्या बोल्शेव्हिकविरोधी मुसावात पक्षाच्या हेरखात्यात त्याने काही काळ नोकरी केली. ती पक्षाच्याच आज्ञेवरून केली, असे त्याचे पुढे नेहमी म्हणणे असे. या नोकरीचा कागद कोठल्या तरी दप्तरात पडून आहे आणि तो कोणाच्या तरी हाती लागेल, ही धास्ती त्याला जन्मभर पुरली असावी. कारण कागदाचे सामर्थ्य त्याच्याइतके कोणासच कळलेले नव्हते.

१९२१ साली तो चेका या गुप्त पोलीस खात्यात शिरला. पेशवाईत ज्यांना नजरबाज म्हणत त्या जातीचे हे काम. पण नजरबाजाने पाहावे, कळवावे आणि दूर व्हावे, तर या खात्यास पाहण्याबरोबरच पकडण्याचा, चौकशीचा आणि शिक्षेचाही अखत्यार होता. १९२४ साली जॉर्जियात सोव्हिएत सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो मोडून काढताना हजारो माणसे गोळ्या घालून मारण्यात आली, तेव्हा पंचविशीतला बेरिया त्या दडपशाहीच्या अग्रभागी होता. १९२६ मध्ये तो जॉर्जियाच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला, १९३१ मध्ये तेथील पक्षाचा मुख्य सचिव झाला, आणि १९३५ मध्ये कॉकेशसमधील बोल्शेव्हिक चळवळीचा इतिहास सांगणारे एक व्याख्यान देऊन त्याने ते आपल्या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या ग्रंथात तरुण स्टालिनच्या कर्तृत्वास अवास्तव मोठेपणा दिलेला होता. आपल्या जुन्या बखरींचे वाचन ज्यांनी केले आहे त्यांना, धन्याची वंशावळ सूर्यापर्यंत नेऊन भिडवणारा बखरकार इनामाची वाट पाहत असतो, हे निराळे सांगावयास नको. १९३८ च्या ऑगस्टमध्ये बेरियास मॉस्कोस बोलावणे आले.

ज्या आसनावर तो बसणार होता त्याचा पूर्वेतिहास मात्र कोणाही सुज्ञाची झोप उडवील असा होता. गुप्त पोलीस खात्याचा एक प्रमुख यागोदा हा १९३८ च्या मार्चमध्ये गोळी घालून मारला गेला होता, आणि ज्या येझोवने त्याची जागा घेतली त्याच्याच हाताखाली साहाय्यक म्हणून बेरियाची नेमणूक झाली होती. येझोवच्या दोन वर्षांच्या अमलात लक्षावधी माणसे बळी पडली. त्याच काळात, केवळ पोलिश म्हणून संशयित ठरवलेल्या लोकांविरुद्धच्या एकाच मोहिमेत, १,११,०९१ माणसांना मृत्युदंड देण्यात आला. २५ नोव्हेंबर १९३८ रोजी येझोव दूर होऊन बेरिया खात्याचा मुख्य झाला. १९३९ च्या एप्रिलमध्ये येझोव कैद झाला आणि १९४० च्या फेब्रुवारीत त्यालाही गोळी घालण्यात आली. हुद्दा तोच, दप्तर तेच, आणि माणूस मात्र वरून येऊन खालच्या तळघरात जाणारा, असा तो शिरस्ताच पडला होता. नवा अधिकारी आला तेव्हा काही कैदी सुटले, अटकांचा महापूर ओसरला, आणि बेरिया हा तुलनेने नेमस्त माणूस आहे, असेही लोक बोलू लागले.

त्या नेमस्तपणाचे खरे स्वरूप ५ मार्च १९४० च्या कागदावर पाहावयास मिळते. १९३९ च्या सप्टेंबरात हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला होता, आणि पूर्व पोलंडमधील पोलिश अधिकारी, पोलीस, सरकारी नोकर व जमीनदार हजारोंच्या संख्येने सोव्हिएत कैदेत पडले होते. त्यांचे काय करावे, याविषयी बेरियाने स्टालिनला चार पानांची टिपणी सादर केली. हे सर्व लोक सोव्हिएत सत्तेचे कट्टर शत्रू असून त्यांच्यात सुधारणेची आशा नाही, सबब छावण्यांतील १४,७०० आणि तुरुंगांतील ११,००० अशा एकंदर २५,७०० असामींची प्रकरणे, त्यांना समोर न बोलावता, आरोपपत्र न देता, निकालात काढून त्यांना देहान्ताची शिक्षा द्यावी, असा त्या टिपणीचा आशय आहे. पहिल्या पानावर स्टालिन, व्होरोशिलोव, मोलोतोव आणि मिकोयान यांच्या सह्या असून, कालिनिन आणि कागानोविच यांची अनुमती समासात नोंदलेली आहे. प्रकरणांचा निवाडा करण्यासाठी नेमावयाच्या त्रिकुटात बेरियाने स्वतःचे नाव घातले होते. ते खोडून तेथे कोबुलोव हे नाव लिहिलेले दिसते. मेर्कुलोव, कोबुलोव आणि बाश्ताकोव, असे ते अंतिम त्रिकूट. मृत्यूच्या सनदेवर शुद्धलेखनाची दुरुस्ती करावी तशी ती खाडाखोड पाहून अंगावर काटा येतो.

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत हे काम उरकण्यात आले. कोझेल्स्क छावणीतील अधिकाऱ्यांना स्मोलेन्स्कजवळच्या कातीनच्या वनात, स्तारोबेल्स्क येथील कैद्यांना खार्कोव येथे आणि ओस्ताश्कोवच्या पोलिसांना कालिनिन शहरात मारण्यात आले. तुरुंगांतील माणसे त्यांच्याखेरीज. मारल्या गेलेल्यांची संख्या सोव्हिएत दप्तरानेच पुढे २१,८५७ अशी नोंदवलेली आहे.

परंतु बेरियाच्या पद्धतीचे मर्म याहूनही सूक्ष्म अशा एका गोष्टीत आहे. ५ मार्चच्या आधी तीन दिवस, २ मार्च रोजी, या कैद्यांच्या कुटुंबीयांना दहा वर्षांसाठी कझाकस्तानात हद्दपार करण्याचा निर्णय झाला होता. त्या कुटुंबांची संख्या २२ ते २५ हजार धरली होती. ७ मार्च रोजी बेरियाने हुकूम काढला की छावण्यांतील प्रत्येक कैद्याच्या नातेवाइकांची यादी, नाव, नाते आणि पूर्ण पत्ता यांसह तयार करावी. कैद्याला वाटले असेल की आपल्या बायकामुलांची खुशाली विचारली जात आहे. आणि त्याने आपल्या हाताने, आपल्या तोंडाने, घराचा पत्ता सांगितला असेल. १३ एप्रिल १९४० च्या रात्री ते दरवाजे ठोठावले गेले. छावणीतून घरी आणि घरून छावणीत चालणारा पत्रव्यवहार तोवर थांबला होता, आणि बायकांनी पाठवलेली पत्रे, पत्त्यावरील इसम निघून गेला आहे, अशा शेऱ्यानिशी परत येऊ लागली होती. बाप एका यादीत आणि मुले दुसऱ्या यादीत, आणि दोन्ही याद्या एकाच कचेरीत, अशी ती योजना होती.

पूर्व पोलंडमधून अशा हद्दपारीच्या चार मोठ्या फेऱ्या झाल्या. पहिली १० फेब्रुवारी १९४० रोजी, कडाक्याच्या थंडीत; त्या एका फेरीतच सुमारे १,४०,००० माणसे मालगाडीच्या डब्यांत भरली गेली. शेवटची १९४१ च्या जूनमध्ये, हिटलर रशियावर चालून येण्याच्या ऐन तोंडावर. सोव्हिएत कागदांवरून पाहता चारही फेऱ्यांत मिळून तीन लाखांहून अधिक माणसे नेण्यात आली. मध्यरात्री शिपाई येत, आवराआवरीस तास-दोन तास मिळत, आणि काय घ्यावे व काय टाकावे हे ठरवण्याची शुद्ध ज्या गृहिणीस राहिली तिचेच मूल पुढे जगले, असे त्या प्रवासातून वाचलेल्यांच्या आठवणींत वारंवार आढळते. कोणी पीठ घेतले, कोणी शिवणयंत्र घेतले, आणि भांबावलेल्या कोणी भिंतीवरचे घड्याळ घेतले.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर आक्रमण केले आणि कालचे शत्रू आजचे मित्र झाले. जुलैअखेर पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत करार होऊन, ऑगस्टमध्ये या निरपराध लोकांना 'माफी' जाहीर झाली; गुन्हा न करणाऱ्यास मिळालेली माफी हा राज्यकारभाराच्या भाषेतला एक अपूर्व अलंकार म्हटला पाहिजे. कैदेत असलेले पोलिश जनरल आंदेर्स यांना मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातील कोठडीतून थेट बेरिया आणि मेर्कुलोव यांच्यासमोर आणण्यात आले, चहा देण्यात आला, आणि आपण आता नव्या पोलिश सैन्याचे सेनापती आहात, असे सांगण्यात आले. सैन्य उभारताना आंदेर्स यांना आपले हजारो अधिकारी कोठेच सापडेनात. डिसेंबरमध्ये त्यांनी आणि पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की यांनी स्टालिनलाच विचारले, तेव्हा ते मांचुरियात पळून गेले असतील, असे उत्तर मिळाले. १९४२ मध्ये आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर लाखाहून अधिक पोलिश माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली, आणि त्यांतील स्त्रियामुलांचा एक प्रवाह पुढे कराचीवरून वळिवड्यास पोचला. ज्यांना जगाच्या नकाशावरून पुसून टाकावयाचे होते त्यांच्या मुलांच्या शाळा करवीरच्या मुलखात भरू लागल्या.

पोलंडवरचा हा प्रयोग बेरियाने पुढे कॉकेशसमध्ये पूर्णत्वास नेला. चेचेन आणि इंगुश हे दोन मुसलमान समाज जर्मनांना फितूर झाले, असा सरसकट आरोप ठेवून त्यांना समूळ उपटून मध्य आशियात फेकण्याचे ठरले. मोहिमेस नाव दिले होते 'चेचेवित्सा', म्हणजे मसूर. तिच्या देखरेखीसाठी बेरिया जातीने ग्रोझ्नीस गेला. २३ फेब्रुवारी १९४४ हा लाल सैन्याचा वर्धापनदिन. त्या निमित्ताने गावोगावचे पुरुष चौकात जमवण्यात आले, सुमारे लाखभर सशस्त्र शिपायांनी त्यांना वेढले, आणि हद्दपारीचा हुकूम वाचून दाखवण्यात आला. सहा दिवसांनी बेरियाने स्टालिनला हिशेब कळवला: एकंदर ४,७८,४७९ माणसे, पैकी इंगुश ९१,२५०, गाड्या १८०. तांदळाच्या पोत्यांची आवक कळवावी तसा हा हिशेब. मे महिन्यात क्रिमियातील तातार समाजाची पाळी आली. तेथून १,८०,००० हून अधिक लोक तीन दिवसांत हलवण्यात आले. कालमिक, कराचाय आणि बाल्कार या समाजांचीही त्याआधीच्या काही महिन्यांत हीच गत झाली होती. वाटेत आणि पुढच्या काही वर्षांत उपासमार, थंडी व टायफस यांनी प्रत्येक समाजाचा फार मोठा हिस्सा खाऊन टाकला, आणि मागे राहिलेल्या गावांची नावेही बदलण्यात आली.

या कृत्यास वंशसंहार म्हणावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. हा शब्द ज्या इंग्रजी शब्दाचा पर्याय आहे तो १९४४ साली राफाएल लेम्किन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने घडवला. आणि ज्या पूर्व पोलंडमधून वळिवड्याचे रहिवासी हाकलले गेले त्याच पट्ट्यात, व्होल्कोविस्कजवळ, लेम्किनचा जन्म झाला होता. राष्ट्र, वंश, जमात किंवा धर्म यांच्यावरून ओळखल्या जाणाऱ्या समूहाचा, तो समूह आहे म्हणूनच, संपूर्णतः किंवा अंशतः नाश करण्याचा हेतू, ही त्या संज्ञेची कसोटी ९ डिसेंबर १९४८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केली. सोव्हिएत संघ आणि इतर काही राष्ट्रांच्या आग्रहाने 'राजकीय समूह' हे शब्द मात्र त्यातून वगळले गेले. खुद्द रशियन प्रजासत्ताकाच्या २६ एप्रिल १९९१ च्या कायद्यात, दडपलेल्या समाजांविषयीच्या धोरणाचे वर्णन करताना, वंशसंहार हा शब्द वापरलेला आहे. युरोपीय संसदेने २००४ मध्ये चेचेन हद्दपारीस आणि युक्रेनच्या संसदेने २०१५ मध्ये क्रिमियन तातारांच्या हद्दपारीस तेच नाव दिले. कातीनविषयी पोलंड तो शब्द वापरतो आणि रशिया नाकारतो. कायदेपंडितांचा वाद चालू राहील. सामान्य वाचकाने एवढेच ध्यानात ठेवावे की या सर्व प्रकरणांत माणसाला शिक्षा झाली ती त्याने काय केले यावरून नव्हे, तो कोण म्हणून जन्मला किंवा कोणाच्या पोटी जन्मला यावरून.

युद्ध संपले तेव्हा बेरिया वैभवाच्या शिखरावर होता. १९४५ मध्ये त्याला मार्शलचा किताब मिळाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अणुबाँबच्या निर्मितीची सूत्रे त्याच्या हाती देण्यात आली. २९ ऑगस्ट १९४९ रोजी पहिला सोव्हिएत अणुस्फोट यशस्वी झाला. कामाचा उरक, तपशिलाची पकड आणि ठरल्या मुदतीत काम पुरे करून घेण्याची हातोटी, हे चांगल्या दिवाणाचे सर्व गुण त्याच्या ठायी होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आणि तीच या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. पेंढाऱ्याच्या हातून गाव लुटले जाते. सबंध लोकसमाज नाहीसा करावयास मात्र उत्तम कारभारी लागतो.

५ मार्च १९५३ रोजी, म्हणजे कातीनच्या कागदावर सह्या झाल्या त्यास बरोबर तेरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, स्टालिन मरण पावला. मृत्युशय्येजवळून सर्वांत आधी घाईघाईने बाहेर पडून मोटार मागवणारा बेरिया होता, असे स्टालिनच्या कन्येने लिहून ठेवले आहे. त्याच दिवशी सुरक्षेची दोन्ही खाती एकत्र करून तो त्यांचा मंत्री आणि राज्याचा प्रथम उपपंतप्रधान झाला. त्यानंतरचे सुमारे शंभर दिवस त्याने जे केले ते पाहून आजही अभ्यासक चकित होतात: बारा लाखांच्या आसपास कैद्यांची मुक्तता, खोट्या कटात अडकवलेल्या डॉक्टरांची सुटका, चौकशीतील मारहाणीस बंदी. हा पश्चात्ताप होता असे मानावयास काही आधार नाही. ज्याला सर्व गुपिते ठाऊक होती त्याला, यंत्र कोठे सैल करावे म्हणजे लोक आपल्याकडे वळतील, हेही ठाऊक होते. पण त्याचे सहकारीही त्याच शाळेत शिकलेले होते. ज्याच्या कचेरीत आपणा प्रत्येकाची फाइल आहे तो मनुष्य उद्या काय करील, या भयाने ख्रुश्चेव्ह, मालेन्कोव, बुल्गानिन आणि मोलोतोव हे एकमेकांवर विश्वास नसलेले पुढारी एकत्र आले.

२६ जून १९५३ रोजी क्रेमलिनमध्ये बैठक भरली. क्रेमलिनचा पहारा बेरियाच्याच खात्याकडे असल्यामुळे विश्वासू सेनाधिकाऱ्यांना शस्त्रांसह मंत्र्यांच्या मोटारींतून आत आणावे लागले होते. आरोपांची भाषणे झाली, मालेन्कोवने मेजाखालील कळ दाबली, आणि मार्शल झुकोव, मोस्कालेन्को व इतर अधिकारी आत शिरले. रात्र पडेपर्यंत त्याला तेथेच अडकवून ठेवले, पहारे बदलले, आणि मग गुपचूप लष्करी कैदेत नेले. पुढे एका तळघरात त्याची रवानगी झाली. तेथून त्याने जुन्या सोबत्यांना पत्रांवर पत्रे लिहिली: आपली सेवा आठवा, चुका झाल्या असतील तर पदरात घ्या, चौकशी तरी नीट करा. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वरून हुकूम आला आणि त्याच्याजवळची लेखणी, कागद आणि नाकावरचा चष्मा काढून घेण्यात आला. ज्याने जन्मभर कागदाने राज्य केले त्याच्या हाती शेवटी कागदाचा कपटाही उरला नाही.

येथे बडोदेकराच्या मनात आपल्याच नगरातील एक जुने प्रकरण उभे राहिल्यावाचून राहत नाही. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप ठेवण्यात आला. गुन्ह्यांची तुलना करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तुलना आहे ती रीतीची. मल्हाररावांसाठी विलायतेहून बॅलंटाइन नावाचा नामांकित वकील आणला गेला, साक्षीपुरावा उघडपणे झाला, आणि तीन इंग्रज व तीन हिंदी अशा सहा जणांच्या कमिशनात, ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे एका बाजूस व तिघे इंग्रज दुसऱ्या बाजूस, अशी मतांची बरोबरी झाली. तथापि सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूस ठेवून, गैरकारभाराच्या सबबीवर त्यांना पदच्युत केलेच. पतन आधी ठरते आणि कारण मागाहून शोधले जाते, हा धडा या शहराने तेव्हाच गिरवला होता. फरक इतकाच की मल्हाररावांना निदान वकील मिळाला.

बेरियाला वकील नव्हता आणि अपीलही नव्हते. १८ ते २३ डिसेंबर १९५३ या काळात मार्शल कोनेव यांच्या अध्यक्षतेखाली बंद दाराआड खटला चालला, तो १९३४ च्या ज्या कायद्याखाली हजारोंना असेच झटपट मारण्यात आले होते त्याच कायद्याखाली. ब्रिटिशांचा हेर, भांडवलशाहीच्या पुनःस्थापनेचा कट, आणि १९१९ सालची ती बाकूची नोकरी, असे आरोप सिद्ध धरण्यात आले. निकालाच्याच दिवशी त्याला गोळी घालण्यात आली. ती जनरल बातित्स्की यांनी स्वतः झाडली. त्याच दिवशी मारलेल्या त्याच्या सहा साथीदारांत मेर्कुलोव आणि कोबुलोव हे कातीनच्या त्रिकुटातील दोघे होते. तिसरा, बाश्ताकोव, १९७० पर्यंत जगला.

आणि कातीन? हद्दपार केलेले पोलिश? कॉकेशसचे समाज? त्यांच्याविषयी जबाबदारी ठरवणे त्या न्यायालयाच्या मनातही नव्हते. कारण कातीनची हत्या जर्मनांनी केली, असे सोव्हिएत सरकार तेव्हा छातीठोकपणे सांगत होते, आणि त्या सह्यांचे धनी अजून सत्तेवर होते. तात्पर्य, जे गुन्हे त्याने केले त्यांबद्दल तो निर्दोष राहिला आणि जो गुन्हा केल्याचा पुरावा नव्हता त्याबद्दल मारला गेला. त्याने स्वतः हजारोंच्या बाबतीत हेच केले होते, म्हणून कोणाला यात काव्यगत न्याय दिसेल. पण त्याने ज्यांना मारले त्यांना या काव्यातून काय मिळाले?

त्यानंतरचा एक प्रसंग सयाजीराव महाराजांच्या सेंट्रल लायब्ररीच्या सावलीत वाचायला शिकलेल्या माणसास विशेष झोंबतो. मोठ्या सोव्हिएत ज्ञानकोशाच्या पाचव्या खंडात बेरियावर छायाचित्रासह लेख छापला गेला होता. १९५४ च्या आरंभी वर्गणीदारांना नवी पाने टपालाने आली. त्यांत बेरिंगच्या समुद्राविषयी वगैरे मजकूर वाढवून घातलेला होता, आणि जुनी पाने कात्रीने किंवा वस्तऱ्याने कापून त्या जागी ही चिकटवावीत, अशी सूचना होती. लक्षावधी माणसांना नकाशावरून पुसणारा पुरुष अखेर एका समुद्राच्या पाण्याखाली गेला.

दप्तर मात्र पुसले जाता जात नाही. १९५९ साली गुप्तचर खात्याचा तत्कालीन प्रमुख शेलेपिन याने, कातीनच्या २१,८५७ मृतांच्या व्यक्तिगत फाइली आता निरुपयोगी असल्याने नष्ट कराव्यात, अशी शिफारस केली. आणि तसे सुचवताना त्याने मृतांचा नेमका आकडा लिहून ठेवला. ५ मार्चची ती चार पाने एका मोहोरबंद पाकिटात एका राज्यकर्त्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली. १३ एप्रिल १९९० रोजी गोर्बाचोव्ह यांनी दोष मान्य केला, आणि १४ ऑक्टोबर १९९२ रोजी येल्त्सिन यांच्या आज्ञेने त्या कागदाची प्रत वॉर्सा येथे पोलंडच्या अध्यक्षांच्या हाती पडली. बेरियाविरुद्धचा खरा साक्षीदार, त्याच्या सहीचा, त्याच्याच भाषेतला, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ एकोणचाळीस वर्षांनी हजर झाला.

आपल्या मोडी दप्तरांत 'याद' म्हणजे टिपणवजा कागद. 'यादी' म्हणजे नावांची फेरिस्त. आणि बोलण्यात मात्र 'याद' म्हणजे आठवण. बेरियाच्या कचेरीत यादी होत होती ती माणूस नाहीसा करण्यासाठी. वळिवड्यास पोचलेल्यांनीही याद्या केल्या: शाळेतल्या मुलांच्या, आजाऱ्यांच्या, आणि कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत जे कायमचे राहिले त्यांच्या. गांधीनगरच्या दुकानातून बस्ता बांधून आम्ही निघालो तेव्हा त्या गृहस्थांनी, ही साडी कोणासाठी, ही कोणासाठी, असे विचारून प्रत्येक पुडक्यावर पेन्सिलीने एकेक नाव लिहिले. कारेलीबागेत परतल्यावर गाठी सोडताना आमच्या सौभाग्यवतींनी ती नावे एकेक करून मोठ्याने वाचली, आणि ज्याचे त्याचे पुडके ज्याच्या त्याच्या हाती दिले.